इस्टेट प्लॅनिंग शिकायचंय, पण कुठे?

"ताई, मी बार्शीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. मृत्युपत्र नव्हतं. मागे आजी, माझे बाबा, दोन काका आणि दोन आत्या. साडेसहा एकर जमीन, राहतं घर, आणि बाजारपेठेत भाड्याचं दुकान, ते बाबा चालवतात. वर्षश्राद्धाच्या दिवशी काकांनी आत्यांपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. तेव्हापासून आत्या दिवाळीला येत नाहीत. हे बघून मला वाटलं, माणसामागे मालमत्ता कोणाकडे कशी जावी याची आधीच सोय लावणं, हेच शिकावं. शोधलं तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा 'ट्रस्ट आणि इस्टेट प्लॅनिंग'चा एक वर्षाचा मास्टर्स सापडला. राहण्याखाण्यासकट तीस लाख. बाबा म्हणतात हे वकिलांचं काम, तू सीए कर. भारतात हे शिकता येतं का? पोट भरतं का? की घरातल्या भांडणामुळे माझ्या डोक्यात शिरलेलं हे खूळ आहे? कृपया नाव छापू नका."

नाव छापत नाही. गावही बदलणार होते, पण बार्शीत अशी घरं एक नाही पन्नास निघतील, तेव्हा राहू दे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. खूळ नाही. या कामात टिकलेली जी माणसं मी पाहिली, त्यातल्या निम्म्यांच्या घरात कधी ना कधी एखादा उतारा, एखादा वाडा किंवा एखादी आत्या अडकलेली होती. माझ्या आईच्या माहेरचा वाडा अठरा वर्षं कुलपात राहिला आणि शेवटी पावसाने पाडला. वाटणी मग मोकळ्या जागेची झाली. मी वकिली निवडली तेव्हा हे कारण कोणाला सांगितलं नाही. तू पत्रात लिहिलंस, म्हणजे माझ्यापेक्षा एक पायरी पुढेच आहेस.

आता तीस लाख.

त्या अभ्यासक्रमाचं विषयपत्रक तू नीट वाचलंस का? पुन्हा वाच. त्यात वारसा कर किती वेळा येतो ते मोज. इंग्लंडमध्ये माणूस गेला की त्याच्या तीन लाख पंचवीस हजार पौंडांवरच्या मालमत्तेवर साधारणपणे ४० टक्के कर लागतो. तिथली इस्टेट प्लॅनिंगची बरीचशी अक्कल तो कर कसा कमी बसेल यात खर्च होते. आजी सात वर्षं आधी देऊन टाकते का, घर कोणाला गेलं, ट्रस्टमध्ये कधी टाकलं, हा सगळा त्या कराभोवतीचा खेळ. आपल्याकडे इस्टेट ड्युटी होती, १९५३ च्या कायद्याने आली आणि १९८५ च्या मार्चमध्ये गेली. तेव्हापासून भारतात मेल्यावर कर नाही. म्हणजे तीस लाखांतले बरेच लाख तू अशा कुलपाची किल्ली घडवायला देणार, जे कुलूप बार्शीतच काय, सबंध देशात कोणाच्या दाराला नाही.

आपल्या दारांना वेगळी कुलपं आहेत. सातबारावर पणजोबांचं नाव. फेरफार झालेला, पण एका बहिणीचं नाव गाळून. गुंठ्यांत आलेली आणि नोंदच न होऊ शकलेली जमीन. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एकाच्या नावावर, कर्ज दुसऱ्याच्या, राहतो तिसरा. बँकेत नॉमिनी मोठा मुलगा, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतंय की पैसे त्याचे झाले. हे शिकवणारा मास्टर्स परदेशात नसणार हे उघड आहे. आपल्या विद्यापीठांतही एका छपराखाली, एका पदवीत मिळत नाही. तुकड्यातुकड्याने गोळा करावं लागतं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच: शिकता येतं, पण ताट वाढून कोणी देत नाही.

पहिला आणि सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे कायद्याची तीन वर्षांची पदवी. बी.कॉम. झालं की राज्याची सीईटी देऊन एलएलबीला जाता येतं, खुल्या वर्गाला पदवीला ४५ टक्के लागतात. कौटुंबिक कायदा आणि मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा तिथे सक्तीने शिकावा लागतो, आणि हेच दोन विषय तुझ्या कामाचा कणा. काही विद्यापीठांत विश्वस्त कायद्याचा ऐच्छिक पेपर असतो. प्रवेश घेण्याआधी तो त्या कॉलेजात प्रत्यक्ष शिकवतात का एवढं विचार, नुसता पत्रकात असून उपयोग नाही. वर्गात सहा मुलं बसली तरी चालतील, शिकवणारा माणूस हवा.

हा विषय वर्गात कसा असतो याची एक चव देते, म्हणजे तुला आवडेल की नाही ते तुझं तुलाच कळेल.

खंडाप्पा मगदूम नावाचे एक गृहस्थ १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. मालमत्ता एकत्र कुटुंबाची. हिराबाईंनी आपला वाटा मागितला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, खंडाप्पा गेले त्याच्या क्षणभर आधी घरात वाटणी झाली असं समजा. तेव्हाच्या कायद्याने वाटणीत चार हिस्से: नवरा, बायको, दोन मुलगे. प्रत्येकी पाव. मग खंडाप्पांचा पाव हिस्सा त्यांच्या सहा वारसांत समान, म्हणजे प्रत्येकी एक चोविसांश. हिराबाईंना मिळाले स्वतःचे सहा आणि नवऱ्याच्या वाट्यातला एक, असे चोविसातले सात. मुलांनाही सात-सात. आणि तिन्ही मुलींना? चोविसातला एकेक.

आता वही घे आणि हेच गणित आजच्या कायद्याने कर. १९९४ मध्ये महाराष्ट्राने, २००५ मध्ये देशाने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अटही काढून टाकली. म्हणजे काल्पनिक वाटणीत सात हिस्से: नवरा, बायको, पाच मुलं. नवऱ्याचा सातवा भाग पुन्हा सहा जणांत. एक सप्तमांश अधिक एक बेचाळिसांश. बरोबर एक षष्ठांश येतो, प्रत्येकाला.

बायको, पाच मुलं. तुझ्या घरात आजी, तीन भाऊ, दोन बहिणी. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असेल तर सरळ सहा वाटे. वडिलोपार्जित असेल तर हे लांबचं गणित करून पुन्हा सहाच वाटे. आत्यांच्या वाट्याला एक चोविसांश यायचा तो काळ मागे पडला. काकांच्या डोक्यात अजून १९६० चालू आहे.

हे वाचताना तुला पेन घ्यावंसं वाटलं असेल तर कायद्याच्या वर्गात तुझं मन रमेल. कंटाळा आला असेल तर बाबांचं ऐक.

बाबांचंही सगळं चुकीचं नाही. सार्वजनिक ट्रस्टचा लेखाजोखा सीए तपासतात, आयकराची सगळी गुंतागुंत त्यांच्याकडे, आणि सीएच्या हातात कामाचा अखंड पुरवठा असतो. पण सीए माणसाच्या हयातीतल्या आकड्यांत पारंगत होतो. तुला जे हवंय ते माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. तुझा कल मला पत्रावरून दिसतोय. रकमा तू एका ओळीत संपवल्यास, आत्या दिवाळीला येत नाहीत हे मात्र स्वतंत्र वाक्यात लिहिलंस.

एलएलबीबरोबर आर्थिक नियोजनाची बाजू हवी असेल तर सीएफपीचा, म्हणजे 'सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर' या अभ्यासक्रमाचा विचार कर. एफपीएसबी इंडिया ही संस्था तो देते आणि त्यात 'रिस्क अँड इस्टेट प्लॅनिंग' असा स्वतंत्र भाग आहे. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून होतो. विमा, नॉमिनेशन, निवृत्ती हे सगळं त्यात एकत्र येतं, आणि वकिलांना जे सहसा येत नाही ते येतं: अशिलाच्या घरी बसून त्याच्या कपाटातल्या सगळ्या कागदांची एक यादी करणं.

नॉमिनीचं तर एवढंच सांगते. विम्याचा नॉमिनी हा पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा माणूस असतो, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितलं. शेअर्सबाबतचा गोंधळ डिसेंबर २०२३ मध्ये मिटला, तिथेही तेच. विमा कायद्यात मध्यंतरी जवळच्या नातलगांसाठी वेगळी तरतूद आली, ती शिकशीलच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. म्हणजे आता चार जणांना वाटणार की पैसे आपले.

कायदा बदलत राहतो याची सवय कर. मी शिकले तेव्हा मुंबईत हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं आणि पुण्यात नाही, हा परीक्षेतला हुकमी प्रश्न असायचा. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच उडवलं. माझ्या अर्ध्या टिपणवह्या एका दिवसात रद्दी झाल्या. आणि आंबोली उतरून गोव्यात गेलीस की कायदाच वेगळा. तिथे मृत्युपत्राने मुलांना साफ वगळता येत नाही, अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांची एक जमीन अलीकडे आणि एक पलीकडे असते, त्यांची फाईल हातात आली की डोकं धरून बसायला होतं.

हे सगळं शिकून काम कुठे मिळतं, याची तुला कल्पना कमी दिसली. मृत्युपत्रं ही त्यातली एक छोटी खोली आहे. मोठी ओसरी म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्था. गावातलं देऊळ, शिक्षण संस्था, रुग्णालय, तालीम, वाचनालय, सगळ्यांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू. मुंबईत वरळीला धर्मादाय आयुक्त बसतात, जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांची कार्यालयं आहेत. तुझ्या सोलापुरातल्या कार्यालयात एकदा सकाळी जाऊन नुसती बाकावर बस. कोपऱ्यात हमखास एक गट दिसेल: दोन वयस्कर विश्वस्त, एक तरुण सचिव, आणि प्लास्टिकच्या पिशवीत संस्थेची घटना. परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, सात विश्वस्तांची नावं, त्यातले चार कधीच वारलेले. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो यांनी वीस वर्षांत एकदाही दिलेला नाही. आता देवळाची जागा रस्त्यात जातेय, भरपाईचा चेक कोणाच्या सहीने घ्यायचा हा प्रश्न. जमीन विकायची म्हटली तर कलम ३६ खाली आयुक्तांची परवानगी लागते, आणि परवानगी मागणारा माणूसच कागदावर विश्वस्त नाही.

हे काम कोणाला भारी वाटत नाही. म्हणूनच ते भरपूर आहे आणि नीट करणारे कमी आहेत. टाटा सन्सची सुमारे ६६ टक्के मालकी टाटांच्या ट्रस्टांकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, ट्रस्ट म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. तुझं पोट मात्र परिशिष्ट एकवरचे मेलेले विश्वस्त भरतील. पुढेमागे वाटलं तर सहायक धर्मादाय आयुक्ताची परीक्षाही देता येईल, ती एमपीएससी घेते.

पगाराची खोली वेगळी आहे. बँकांच्या वेल्थ विभागात आणि ट्रस्टी कंपन्यांत नोकऱ्या असतात. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांचं मुख्य काम कर्जरोख्यांसाठी विश्वस्त राहणं हे असतं, कुटुंबांचे ट्रस्ट हा त्यांच्याकडचा लहान विभाग. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, पण पूर्णवेळ नोकरी धरलीस की वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही.

खासगी ट्रस्ट म्हणजे नेमकं काय, ते एका प्रसंगातून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. एक काका-काकू आले होते, दोघंही सत्तरीपुढचे. मुलगा चाळिशीचा, स्वमग्न. त्यांचा बेत ठरलेला होता, फ्लॅट पुतण्याच्या नावे करायचा, तो बघेल. मी म्हटलं, पुतण्या चांगलाच असेल, पण त्याचं कर्ज थकलं तर बँक हा फ्लॅट जप्त करेल, कारण तो त्याचा झालेला असेल. त्यापेक्षा ट्रस्ट करा. १८८२ चा भारतीय न्यास कायदा त्यासाठीच आहे. फ्लॅट विश्वस्तांच्या नावे राहील, उपभोग मुलाचा, पुतण्या तीन विश्वस्तांपैकी एक. स्थावर मालमत्ता असल्याने दस्त नोंदवावा लागेल, मुद्रांक शुल्क जाईल, शिवाय मुलासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून घ्यावा लागेल. काकांनी सगळं वहीत लिहून घेतलं. काकू तासभर गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "तो स्टीलच्या चेपलेल्या वाटीतच दहीभात खातो. दुसरी वाटी दिली तर जेवत नाही. हे त्यात लिहिता येतं का?"

दस्तात तसं लिहीत नाहीत. पण सोबत विश्वस्तांसाठी एक पत्र जोडता येतं, त्यात लिहिलं. वाटी, संध्याकाळचं फिरणं, आणि न्हावी कोणता. अडीच पानं झालं ते पत्र. माझ्या मते त्या फाईलमधला सगळ्यात कामाचा कागद तो.

यातलं कुठलं विद्यापीठ शिकवेल? कायदा शिकवेल, मसुदा शिकवेल. काकूंना तास संपेपर्यंत गप्प बसू द्यायचं असतं, हे वरिष्ठांच्या केबिनमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून शिकायला मिळतं. म्हणून एलएलबीच्या दुसऱ्या वर्षापासूनच अशा एखाद्या वकिलाकडे जायला लाग, जो दिवाणी काम करतो आणि ज्याच्याकडे म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा येतात. मोठी पाटी बघू नकोस, बाहेरच्या बाकावर कोण बसलंय ते बघ.

माझी चूकही सांगते, म्हणजे ती तू करणार नाहीस. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एका निवृत्त मास्तरांचं मृत्युपत्र केलं. मसुदा झकास, "मी शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने" वगैरे सगळं जागच्या जागी. कायद्याला लागतात ते दोन साक्षीदारही होते. मास्तरांनी आपले दोन जिवलग मित्र आणले, दोघंही त्यांच्याहून मोठे. मी कौतुकाने चहा पाजला. मास्तर पंधरा वर्षांनी गेले. कपाटात साडीच्या दुकानाच्या पिशवीत मृत्युपत्र सापडलं, त्याबरोबर दोन एफडीच्या पावत्या आणि एक किल्ली, जिचं कुलूप शेवटपर्यंत मिळालं नाही. धाकट्या मुलाने कोर्टात हरकत घेतली. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार हजर करावा लागतो. दोघंही मित्र केव्हाच वारलेले. मग त्यांची हस्ताक्षरं ओळखणारी माणसं शोधणं आलं. एकाच्या सुनेने किराणा मालाच्या जुन्या याद्या जपून ठेवल्या होत्या, त्यावर निभावलं. पण सात वर्षं गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. आता मी साक्षीदाराचं वय आधी विचारते, नाव मागाहून.

पैशाचं विचारलं आहेस. सुरुवातीची तीन-चार वर्षं ओढाताणीची असतात हे धरून चाल. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, सगळीकडे मिळतात असं समजू नकोस. त्यानंतर मात्र या कामाला एक गुण आहे. अशील स्वतः जातो, पण घर राहतं. एका आजींचं मृत्युपत्र नीट झालं की त्यांची मुलगी येते, मग मुलीची नणंद. जाहिरात करायला वकिलांना बंदीच आहे, आणि इथे तिची गरजही पडत नाही.

बायकांकडे विशेष लक्ष दे. मूल नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय गेली तर तिच्या स्वकमाईवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५. २००९ मध्ये असा एक खटला सर्वोच्च न्यायालयात आला होता. लग्नानंतर तीनच महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी करून तिने पैसे जमवले. ती गेल्यावर ते पैसे सासरी गेले, कारण मृत्युपत्र नव्हतं. नोकरी करणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना हे एकदा सांगून बघ, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतील. दोन पानं आणि दोन साक्षीदार, एवढंच काम. नोंदणीही सक्तीची नाही, मुद्रांक तर लागतच नाही.

आणि इंग्लंड? कायमचं फुली मारू नकोस. सात-आठ वर्षं काम केल्यावर कदाचित जावंसं वाटेल, आणि तेव्हा कारणही असेल. पुण्यातल्या आयटीवाल्यांकडे अमेरिकन कंपनीचे शेअर्स असतात, तिथल्याच ब्रोकरकडे पडलेले. अमेरिकेत न राहणारा परदेशी माणूस गेला तर त्याच्या तिथल्या मालमत्तेतले फक्त साठ हजार डॉलर अमेरिकेच्या इस्टेट टॅक्समधून सुटतात, पुढे कर. हे हिंजवडीत फारच थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांची मुलं न्यू जर्सीत आणि आईवडील डोंबिवलीत, त्यांची फाईल दोन देशांत पसरलेली असते. त्या कामासाठी परदेशी पदवी किंवा 'स्टेप' या लंडनच्या संस्थेचा डिप्लोमा उपयोगी पडेल. ही संस्था १९९१ पासून ट्रस्ट आणि इस्टेटचं काम करणाऱ्यांना बांधून आहे, आणि तिचे अभ्यासक्रम काम सांभाळून करता येतात. पण तेव्हा फी तू स्वतःच्या कमाईतून भरशील. आत्ता हे तीस लाख कुठून येणार होते? साडेसहा एकरांवर कर्ज काढून? ती जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, बँक दारात उभं करणार नाही.

तेव्हा सीईटीचा अर्ज भर. मधल्या काळात एक गृहपाठ कर. घरातल्या सगळ्या मालमत्तेची एक वही कर: गट नंबर, खाते नंबर, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठल्या कपाटात. आजीला शेजारी घेऊन बस. तिला निम्म्याहून जास्त माहीत असेल आणि आजवर कोणी विचारलेलं नसेल.

हक्कसोडपत्राचं एवढंच, की ते साध्या कागदावर किंवा नोटरीपुढे होत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि आत्यांनी ते राजीखुशीने केलं तरच त्याला अर्थ. पण ते आत्ता करायचं अडलंय कोणाचं? तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या, ऑनलाइनही होतो. सहाही नावं लावा. नाव लागलं म्हणून वाटणी होत नाही आणि कोणाचा हक्क वाढत-घटतही नाही, पण आजोबांचं नाव उतरेल आणि आत्यांना कळेल की आपल्याला गाळलेलं नाही. काकांशी हे तू बोलू नकोस. बी.कॉम.ला असलेल्या पुतणीचं कोण ऐकतं? आजीला बोलू दे. सहाव्या हिश्श्याची मालकीण ती आहे. आणि पुढे सनद मिळाली तरी ही फाईल स्वतः हातात घेऊ नकोस, दुसऱ्या वकिलाला दे. घरात तू नातच बरी.

दुकानाबद्दल मात्र तू अर्धवट लिहिलं आहेस. भाडेकरू आजोबा होते ना? धंद्याच्या जागेत भाडेकरू गेला तर त्या वेळी त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क येतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तशी तरतूद आहे. आजोबा असताना बाबा दुकानात बसत होते याचा पुरावा काय आहे? शॉप अॅक्टचा परवाना, जीएसटी, वीजबिल कोणाच्या नावावर, आणि आजोबा गेल्यावर मालकाने भाडेपावती कोणाच्या नावाने फाडली, की फाडलीच नाही? दोन वर्षांच्या पावत्या तारखेवार लाव आणि मला कळव.